आखातातले मठ : सर बनी यास ते फैलका

शुक्रवार, जेबेल धन्ना

अबू धाबीहून पश्चिमेला जेबेल धन्नाच्या धक्क्यापर्यंत गाडीने अडीच तास लागले. एका बाजूला सपाट वाळू, दुसऱ्या बाजूला मधूनच दिसणारं फिकट हिरवं पाणी, आणि शेवटी रुवैसच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची धुराडी. धाकटी बहीण इथे बरीच वर्षं राहते. सर बनी यास बेटावर ती याआधीही गेली होती, पण जिराफ आणि ओरिक्स बघायला. अमिरातीचे संस्थापक शेख झायद यांनी हे बेट वन्यजीवांसाठी राखून ठेवलं, आणि बहुतेक लोक त्यासाठीच येतात. "ताई, तिथे चर्च आहे हे मला माहीत होतं गं, पण ते इंग्रजांच्या वेळचं असेल असं वाटलं होतं," ती बोटीत म्हणाली. भाचीने लगेच विचारलं, "मग कुणाच्या वेळचं आहे, मावशी?"

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायलाच मी निघाले होते, आणि माझी सुरुवात थेट माझ्या गावापासून होते. सहाव्या शतकात कॉस्मास नावाचा अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी होऊन गेला. पुढे तो मठवासी झाला. त्याने लिहून ठेवलं आहे की 'कल्लियाना' इथे एक बिशप असतो आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. हे कल्लियाना म्हणजे आमचं उल्हास खाडीवरचं कल्याण, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मी कल्याणात लहानाची मोठी झाले. आमच्या खाडीला पर्शियाहून बिशप येत असेल, तर तो कुठल्या वाटेने येत असेल? वाट एकच, इराणी आखाताची. या वाटेवर पूर्वेकडच्या मंडळीचे, म्हणजे चर्च ऑफ द ईस्टचे, मठ बेटाबेटांवर होते. त्यांच्या प्रार्थनेची भाषा सुरियानी, आणि त्यांचा पॅट्रिआर्क, म्हणजे सर्वांत वरचा धर्मगुरू, आजच्या इराकमध्ये बसत असे. हे सगळं इस्लामच्या आधीचं, असं मी कितीतरी वर्षं वाचत आले. अलीकडच्या उत्खननांनी हा समज उलटा केला आहे.

शनिवार, सर बनी यास

सकाळी लवकर निघालो. आमचा गाडीवान कोट्टायमचा निघाला, सीरियन ख्रिस्ती. आजोबांच्या काळी कुर्बाना, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, सुरियानीत व्हायचा, असं त्याने सांगितलं. ओरिक्सचे कळप, चिंचोळ्या खाडीच्या काठाची तिवरं, मग बेटाच्या पूर्वेला अल खोरची सखल जागा. अवशेषांवर आता छप्पर घातलं आहे, म्हणून उन्हात उभं राहावं लागत नाही.

पहिल्या नजरेला फारसं काही दिसत नाही. कमरेखाली राहिलेल्या दगडी भिंती आणि त्यांवर चुन्याचा जाड गिलावा, एवढंच. पण पूर्वेकडे तोंड करून उभं राहिलं की चर्चचा आराखडा उलगडत जातो. आधी आडवी ओवरी, मग मधला लांबट मंडप, त्याच्या दोन्ही अंगांना दोन पडव्या, आणि टोकाला तीन भागांत विभागलेली वेदीची जागा. चर्चभोवती मठवासीयांच्या खोल्या, पाण्याची टाकी, जनावरांचे गोठे. थोडं लांब, विखुरलेली अंगणाची घरं. 1992 मध्ये अबू धाबीच्या बेटांची पाहणी करणाऱ्या पथकाला ही जागा सापडली, आणि पुढच्या काही वर्षांत खणताना गिलाव्यात कोरलेले क्रूस, द्राक्षांचे घोस आणि वेलबुट्टी मिळाली. चुन्यात एवढं नाजूक काम करणारा कारागीर या उजाड बेटावर आला कुठून? वाळवंटात राहून द्राक्षाची पानं काढणाऱ्या माणसाने द्राक्षाचा वेल कधीतरी डोळ्यांनी पाहिलेला असणारच.

सुरुवातीला हा मठ सहाव्या शतकाच्या अखेरीचा किंवा सातव्याच्या आरंभीचा ठरवला गेला. तर्क सरळ होता. मठ आहे, म्हणजे तो इस्लामच्या आधीचा असणार. मग 2008 मध्ये पुरातत्त्वज्ञ रॉबर्ट कार्टर यांनी इथली खापरं पुन्हा तपासली. रास अल खैमाजवळच्या कुश या टेकाडाचं उत्खनन थराथराने झालेलं आहे. कुठल्या काळी कुठली भांडी वापरात होती हे तिथे पक्कं कळतं. त्या क्रमाशी सर बनी यासची भांडी ताडून पाहिली, तेव्हा ती सातव्या शतकाच्या उत्तरार्धातली आणि आठव्याच्या मध्यापर्यंतची निघाली. अरबी द्वीपकल्प इस्लामी राजवटीखाली येऊन पिढ्या उलटल्यावर, उमय्यद खलिफा दमास्कसमधून राज्य करत असताना, इथे मठवासी गिलाव्यावर क्रूस कोरत होते, वेदीपुढे धूप जाळत होते, आणि त्यांना कुणी हटवलेलं नव्हतं.

हे वाक्य मी भाचीला दोनदा सांगितलं, कारण मला स्वतःलाच ते पुन्हा ऐकायचं होतं. आपल्याकडे इतिहासाची पुस्तकं राजवटीप्रमाणे धडे पाडतात. एक सत्ता गेली की तिच्याबरोबर तिचे लोकही पडद्याआड. जमिनीतली खापरं तशी वागत नाहीत. सत्ता बदलल्यानंतरही तीच माणसं तशाच मडक्यांत पाणी भरत राहतात.

2025 च्या जानेवारीत इथे जवळजवळ तीस वर्षांनी पुन्हा उत्खनन सुरू झालं, आणि ऑगस्टमध्ये बातमी आली ती अंगणाच्या घरांमधून मिळालेल्या चुन्याच्या क्रूसाची. लांबी 27 सेंटिमीटर, रुंदी 17 सेंटिमीटर. खाली पायऱ्यांचा चौथरा, तो येशूला क्रूसावर दिलं त्या गुलगुथा टेकडीचा, आणि बुंध्यातून फुटलेली पानं. या घरांत ज्येष्ठ मठवासी एकांतासाठी राहत असावेत, असं अभ्यासकांना वाटतं. घरांच्या दिशेला बघून आमचा गाडीवान म्हणाला, "आमच्याकडे जुन्या चर्चमध्ये क्रूसाला अशीच पानं असतात." तो हे अगदी सहज बोलून गेला. मी मात्र थबकले. केरळातल्या जुन्या पर्शियन क्रूसांच्या तळाशीही पायऱ्या आणि पानं आहेत, आणि त्यांवर जुन्या इराणची पहलवी अक्षरं आहेत. एकाच मंडळीचे दोन किनारे होते ते.

मोडतोडीची किंवा आगीची खूण या मठात नाही. लोक निघून गेले आणि भिंती हळूहळू ढासळल्या.

रविवार, अबू धाबी

परतीचा दिवस, तेव्हा एकाच गोष्टीबद्दल लिहिते. या सगळ्या मठांमध्ये एका जातीच्या भांड्याचे तुकडे हमखास मिळतात. लांबुळकं, बिनकानाचं, खाली निमुळतं होत गेलेलं, आतून डांबराचा लेप दिलेलं. अभ्यासक त्याला टॉर्पेडो जार म्हणतात. मेसोपोटेमियाच्या बाजूला ते बनायचे आणि त्यांतून दारू, तेल असे पातळ पदार्थ जहाजाने जायचे. डांबरामुळे गळती होत नसे. असेच तुकडे घारापुरीला मिळाले आहेत, संजाणला मिळाले आहेत. आधी त्यांतल्या काहींना रोमन अंफोरा, म्हणजे दोन कानांचे रांजण, समजलं गेलं होतं. पुढे पुरातत्त्वज्ञ रॉबर्टा टॉम्बर यांनी ते वेगळे ओळखले. म्हणजे मठात जे जहाज माल उतरवायचं, त्याच जातीचं जहाज कोकण किनाऱ्यालाही लागायचं. कॉस्मासच्या त्या एका ओळीला घारापुरीच्या मातीतून असा आधार मिळतो.

सोमवार, उम्म अल क्वैन

आज घाईची फेरी. सिनिया बेट जुन्या गावासमोरच आहे, मध्ये उथळ खाडी आणि तिवरं. आम्ही ते किनाऱ्यावरूनच पाहिलं. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये इथला मठ जाहीर झाला. कोळशाच्या नमुन्यांच्या कार्बन तपासणीत 534 ते 656 या दरम्यानचा काळ आला. एक चर्च, जेवणाची खोली, पाण्याची टाकी, प्रसादाची भाकर भाजायची भट्टी, आणि शेजारी मधल्या अंगणाभोवती खोल्या असलेलं घर. ते मठाधिपतीचं किंवा कदाचित बिशपचंही असेल. पुढच्याच वर्षी मठाजवळ मोती काढणाऱ्यांचं एक अख्खं गाव सापडलं. मठ आणि मोती यांचं नातं इथे फार घट्ट आहे. या कोरड्या किनाऱ्यावर मठ पोसला जात असावा तो पाणबुड्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या दानावर.

बुधवार, मुहर्रक, बहारीन

काल संध्याकाळी विमानाने पोचलो. बहारीनमध्ये बहिणीच्या सासरचं एक कुटुंब राहतं, त्यांच्याकडे उतरलो. वहिनींनी नाश्त्याला थालीपीठ केलं होतं. त्यांचे यजमान गाडी घेऊन आले. समाहीज हे मुहर्रक बेटावरचं गाव विमानतळाच्या अगदी जवळ आहे, डोक्यावरून विमानं जात असतात. गावच्या कब्रस्तानात एका जुन्या मशिदीचं टेकाड होतं. 2019 ते 2023 या काळात ब्रिटनच्या एक्सेटर विद्यापीठाचे टिमोथी इन्सॉल आणि बहारीनचे सलमान अल महारी यांच्या पथकाने ते खणलं. मशिदीखाली आठ खोल्यांची एक इमारत निघाली. स्वयंपाकघर, जेवणाची खोली, कामाची खोली आणि राहायच्या तीन खोल्या. चुन्याचे तीन क्रूस मिळाले. भिंतीवर कुणीतरी ख्रिस्ताच्या नावाच्या ग्रीक आद्याक्षरांचं चिन्ह आणि मासा ओरखडला होता. वस्तीचा काळ चौथ्या शतकाच्या मध्यापासून आठव्या शतकाच्या मध्यापर्यंत.

आम्ही कडेने फिरलो. आत शिरण्याचा प्रश्नच नव्हता, आणि कब्रस्तानात वावरताना आपलं वागणं तसंच असायला हवं. दुपारची नमाज झाली. बाहेर आलेल्या एका वयस्क गृहस्थांनी आम्हाला बघून सलाम केला आणि अरबी न येणाऱ्या आमच्याशी हातवाऱ्यांनी बोलत खालच्या बाजूला बोट दाखवलं, मग छातीला हात लावला. त्यांच्या गावाच्या पोटात हे आहे याचा त्यांना अभिमान असावा, असं मला वाटलं.

जुन्या सुरियानी कागदपत्रांत हे गाव माशमाहिग नावाने येतं. 410 च्या धर्मसभेच्या नोंदीत इथल्या बिशपचा उल्लेख आहे. म्हणून ही आठ खोल्यांची इमारत बिशपचीच असावी, असं उत्खनन करणाऱ्यांना वाटतं. मला जास्त मोलाचं वाटतं ते घरातलं सामान. सूत कातायच्या चकत्या आणि तांब्याच्या सुया, म्हणजे इथे कापड तयार होत असावं. काचेचे लहान पेले. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजवटीची तांब्याची नाणी. खाण्यात मासे, शिंपले आणि डुकराचं मांस. आणि भारतातून आलेले अकीकाचे मणी, भारतातलीच मडकी.

अकीक म्हटलं की मला गुजरातेतलं, या मण्यांचं खंबायत आठवतं. हे मणी नेमके कुठले ते मी सांगू शकत नाही, पण समुद्रापलीकडून मणी येत होते, बिशपच्या घरातल्या माणसाच्या गळ्यात किंवा मनगटावर जात होते. डुकराची हाडं मात्र वेगळं काही सांगतात. इतिहासाच्या कागदांत धर्मांतराची तारीख मिळत नाही, ती अशा उकिरड्यात मिळते. वस्तीतली डुकराची हाडं थांबली की समजायचं, चुलीवरचं जेवण बदललं.

गुरुवार, मनामा

सकाळी किल्ला आणि संग्रहालय पाहिलं. ते सुंदर आहे, पण या लिखाणाशी त्याचा संबंध थोडा, म्हणून सोडते. संध्याकाळी वहिनींच्या घरी चारपाच मराठी कुटुंबं जमली होती. एका काकांनी विचारलं, "पण त्यांना त्रास झाला नसेल असं कसं म्हणता? जिझिया तर होताच ना?"

होताच. प्रश्न रास्त होता, आणि उत्तर द्यायला मला त्या काळच्याच ख्रिस्ती माणसांची पत्रं उपयोगी पडली. तिसरा इशोयाब्ह हा पॅट्रिआर्क 649 ते 659 गादीवर होता. तो एका पत्रात लिहितो की अरब आपल्या धर्माशी लढत तर नाहीतच, उलट त्याची स्तुती करतात, आपल्या पाद्र्यांचा आणि संतांचा मान राखतात, चर्चना आणि मठांना मदत करतात. त्याच पत्रात तो माझून, म्हणजे ओमानच्या लोकांवर चिडला आहे. अरबांनी धर्म सोडायला भाग पाडलं नव्हतं, फक्त अर्धी मालमत्ता मागितली, आणि ती वाचवण्यासाठी लोकांनी धर्म सोडला, असं त्याचं म्हणणं. म्हणजे तलवार नव्हती, कर होता. अर्धी मालमत्ता ही लहान गोष्ट नाही. मासेमारी आणि मोत्यांवर जगणाऱ्या घराला तर नाहीच नाही. इशोयाब्हला त्या लोकांचा राग आला. मला त्यांचा राग येत नाही.

बहारीनच्या वायव्येला, सौदी किनाऱ्याला लागून तारूत बेट आहे. तिथल्या दारीनमध्ये 676 साली पॅट्रिआर्क पहिला गेओर्ग याने धर्मसभा घेतली. उमय्यद राजवटीत, मुआविया खलिफा असताना. या भागातल्या बिशपांचं पॅट्रिआर्कशी भांडण होतं आणि ते मिटवायला तो स्वतः इतक्या लांब आला. सभेच्या नोंदीवर वर्ष घातलं आहे ते अरबांच्या राजवटीचं. नियम वाचले की वस्तीच डोळ्यांपुढे उभी राहते. ख्रिस्ती लोकांनी आपसातले खटले चर्चपुढेच आणावेत, बाहेर नेऊ नयेत. ख्रिस्ती बायकांनी परधर्मीयांशी संसार करू नये. प्रार्थनेनंतर ज्यूंच्या गुत्त्यावर दारू प्यायला जाऊ नये. बिशपकडून डोईपट्टी मागू नये. जे घडत नसतं ते कुणी नियम करून बंद करत नाही. तेव्हा ख्रिस्ती माणसं मुसलमान काझीकडे खटला नेत होती, मिश्र लग्नं होत होती, आणि रविवारी प्रार्थना आटोपली की ज्यूच्या गुत्त्यावर बसत होती. हे सगळं एका बेटावर, एका बाजाराच्या आजूबाजूला.

याच मुलखात निनवेचा संत इसहाक जन्मला. त्याला गेओर्गने निनवेचा बिशप केलं आणि पाच महिन्यांत तो पद सोडून एकांतात गेला. त्याचं लेखन आजही ग्रीसपासून रशियापर्यंतच्या मठांत वाचलं जातं. ज्या काळाला ऱ्हासाचा काळ म्हणून हातावेगळं केलं जातं, त्या काळाने हा माणूस दिला.

काकांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे कर होता, पण शेजारही होता," ते म्हणाले. हो, दोन्ही.

शनिवार, फैलका

काल कुवैतला आलो. सकाळी सालमियाच्या धक्क्यावरून बोट पकडली. फैलका बेट शहरापासून सुमारे 20 किलोमीटरवर आहे. 1990 च्या इराकी आक्रमणात इथली माणसं हलवली गेली आणि गाव पुन्हा तसं वसलंच नाही. गोळ्यांनी चाळण झालेल्या भिंती रस्त्याच्या दुतर्फा दिसतात. बेटावर दिलमून या आखातातल्या प्राचीन संस्कृतीच्या काळातलं मंदिर आहे, ग्रीकांचा किल्ला आहे, पण आम्हाला जायचं होतं बेटाच्या मधोमध, अल कुसूरला.

सपाट माळ, खुरटी झुडपं, आणि त्यातून वर आलेले मातीचे उंचवटे. 1989 मध्ये फ्रेंच पथकाला यांतल्या एका उंचवट्याखाली चर्च सापडलं आणि त्यात चुन्यात घडवलेले दोन मोठे क्रूस. 2011 पासून कुवैती आणि फ्रेंच पथकाने मिळून काम पुढे नेलं. मध्यभागी चर्च आणि मठाच्या इमारती, भोवती आपापल्या कुंपणात लांबलांब विखुरलेली घरं. सुरुवातीला याही जागेला पाचवं, सहावं शतक दिलं होतं. मग पुरातत्त्वज्ञ डेरेक केनेट यांनी खापरं पाहिली, नंतरच्या उत्खननानेही दुजोरा दिला, आणि काळ सातव्या शतकाच्या मध्यापासून पुढे, आठव्या आणि नवव्यापर्यंत सरकला. सर बनी यासला जे झालं तेच. दोन वेगळ्या बेटांवर, वेगळ्या पथकांनी, एकच चूक दुरुस्त केली, आणि ती चूक खापरांची नव्हती, आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराची होती.

भाची उंचवट्याच्या कडेला बसली होती. "मग ही माणसं शेवटी गेली कुठे?" तिने विचारलं.

मला वाटतं, बरीचशी कुठेच गेली नाहीत. एका पिढीत मुलाने अरब मुलीशी लग्न केलं, दुसऱ्या पिढीत डोईपट्टी जड झाली, तिसऱ्या पिढीत बिशप येईनासा झाला. नातवंडं त्याच बेटावर मोती काढत राहिली, फक्त प्रार्थना दुसरी झाली. मठवासी मात्र जिथे मठ चालू होते तिथे गेले असतील, कारण इराकमध्ये त्यांची मंडळी त्याच काळात भरभराटीला होती. पॅट्रिआर्क पहिला तिमथी 780 ते 823 गादीवर होता, अब्बासी खलिफा अल महदीबरोबर त्याने धर्मचर्चा केली, आणि चीनपर्यंत बिशप पाठवले. आखातातले मठ विझत होते तेव्हाच मंडळी आशियाभर पसरत होती. त्याच्या पत्रव्यवहारात भारताचाही विषय येतो, कारण भारतातले बिशप पर्शियाच्या महाबिशपाने नेमायचे की थेट पॅट्रिआर्कने, यावर जुना वाद होता.

आणि 849 साली कोल्लमला चर्चसाठी ताम्रपट दिला गेला. तो आज कोट्टायम आणि तिरुवल्ला इथल्या चर्चकडे जपून ठेवलेला आहे. दान एका ख्रिस्ती चर्चला, देणारा वेणाडचा हिंदू अधिपती, आणि शेवटी साक्षीदारांच्या सह्या अरबी, पहलवी आणि हिब्रू लिपींत. मुसलमान, पारशी आणि ज्यू व्यापारी एका चर्चच्या दानपत्रावर साक्षीला राहिले. अल कुसूरची घरं तेव्हा शेवटच्या काही वर्षांत असतील किंवा नुकतीच रिकामी झाली असतील.

"म्हणजे यांच्यातलं कुणीतरी तिकडे गेलं असेल?" भाचीने विचारलं.

नाव घेऊन सांगता येणार नाही, पण वाट खुली होती, जहाजं जात होती, आणि त्या जहाजांवर सगळ्याच धर्मांची माणसं होती. हे मी तिला सांगितलं. मग परतीच्या बोटीची वेळ झाली म्हणून आम्ही उठलो आणि धक्क्याच्या दिशेने चालू लागलो. वाटेत ती मला तिमथीने चीनला पाठवलेल्या बिशपांबद्दल विचारत राहिली.